पडद्यावर गेलेला निरोप

मुख्याध्यापकांच्या परिषदेत भिंगरीला कुणी भाषण करायला बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं ते फोनसाठी. आयोजकांची हौस अशी, की श्रोत्यांनी मोबाइलवरच्या ग्रुपवर प्रश्न टाकायचे आणि ते मंचामागच्या मोठ्या पडद्यावर झळकायचे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण ते जमवायचं कुणी? भिंगरीच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी दहावीतली ही पोरगी पुढे केली. हिची बोटं जिभेपेक्षा जोरात चालतात, असं वर कौतुकही केलं. ज्यांना तिची जीभ ठाऊक होती, त्यांना ते कौतुक केवढं मोठं आहे ते कळलं.

सकाळभर ती नावाप्रमाणे गरगरत होती. कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचा चष्मा. एका सरांनी ग्रुपवर 'शुभ सकाळ' आणि गुलाबाचा फोटो टाकला, तो शिस्तीवर बोलणाऱ्या वक्त्याच्या डोक्यामागे उगवला. भिंगरीला भलतीच मजा येत होती.

जेवणानंतर मात्र ठराव आला. अध्यक्षांनी तो वाचला: विद्यार्थ्यांचे मोबाइलवरचे सगळे ग्रुप शाळांनी बंद करायला लावावेत, त्यानं अभ्यास बुडतो आणि वळण बिघडतं. माना डोलल्या. त्यात मोठ्या बाईंचीही.

भिंगरीची मान तेवढी हलली नाही. तिच्या वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर एकच शब्द चालायचा, 'पोचले'. संध्याकाळचा जादा तास सुटला की घरात पाय टाकताच प्रत्येकीनं तो टाकायचा. एखादीचा आला नाही तर फोन करायचा, तिनं उचलला नाही तर दोघींनी सायकली काढायच्या. असंच एकदा कारखान्याच्या भिंतीशी एक मैत्रीण सापडली होती, सायकलची चेन तुटलेली आणि समोर दोन टवाळ वाट अडवून उभे. त्यानंतर तिची आई तिला जादा तासाला पाठवते ती केवळ या ग्रुपच्या भरवशावर. ग्रुप गेला की तिचा तास गेला, आणि तास गेला की गणिताच्या नावानं शंख.

भिंगरीनं टेबलाखाली फोन धरून मैत्रिणींना लिहिलं, "हे आपला ग्रुप बंद करायला निघालेत. बघू कुणाच्या बापाची हिंमत आहे. आपल्या मोठ्या बाई तर नंदीबैलासारखी मान हलवतायत."

आधी कुजबुज झाली, मग हशा. तिनं वर पाहिलं. घाईत निरोप भलत्याच ग्रुपवर गेला होता, आणि अध्यक्षांच्या टकलामागे वीतभर अक्षरांत उभा होता.

मोठ्या बाईंची मान जागच्या जागी थांबली. हे कुणी लिहिलं, असं अध्यक्षांनी विचारलं. पुसणं एका बोटाचं काम होतं आणि बोट तिथवर गेलंही होतं. पण पुसलं की संपलंच. भिंगरी उभी राहिली.

"मी लिहिलं. बाप काढला आणि बैल काढला, त्याबद्दल माफी मागते. बाकीचं राहू द्या."

"भिंगरे, पुस ते," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"नाही पुसत, बाई."

मग तिचं तोंड सुटलं ते सुटलंच. कारखान्याची भिंत, टवाळ, सायकली, सगळं तिनं धापा टाकत सांगितलं, फक्त मैत्रिणीचं नाव गिळलं. मुलींची काळजी घ्यायला शाळा समर्थ आहेत, असं अध्यक्षांनी ऐकवलं.

"मग सर, काल जादा तासाला आलेल्या मुली घरी पोचल्या का, हे इथं कुणाला माहीत आहे?"

खुर्च्या करकरल्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितले.

तरी ठराव मंजूर झालाच. माना एकदा डोलायला लागल्या की थांबत नाहीत. मोठ्या बाईंनी मात्र हात वर केला नाही. अध्यक्षांनी भिंगरीला फर्मावलं, चांगला पायंडा म्हणून तुझा ग्रुप सगळ्यांसमोर आत्ताच बंद कर.

"ठराव तुम्ही केलात सर, आम्ही नाही," भिंगरी म्हणाली आणि तिनं फोन दप्तरात टाकून चेन ओढली.

बाहेर पायऱ्यांवर मोठ्या बाईंनी तिला गाठलं. आता आपली शाळा सुटली, असं तिनं धरूनच चाललं होतं.

"उद्यापासून मलाही घे त्या ग्रुपात," बाई म्हणाल्या. "एखादी पोचली नाही तर मलाही कळू दे. पण तिथं माझी टिंगल चालणार नाही."

"त्याचा ग्रुप वेगळा आहे, बाई."