सेदिनामने रंगवलेला शेवट

केटा गावात दर शनिवारी दुपारी एफो आग्बेकोच्या पडवीत पाच-सहा जण जमायचे. कुणी पुस्तक आणायचं, कुणी भुताच्या सिनेमाची कॅसेट. कुणाला आडवं पडून वाचायची सवय, कुणाला जेवताना. त्यावरूनही तासभर भांडण रंगायचं. आग्बेको पोस्टातून निवृत्त झालेला आणि सगळ्यांचा एफो, म्हणजे थोरला भाऊ. सेदिनाम त्यांच्यातली एकटीच बाई, सगळ्यांची दावी, म्हणजे ताई. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमांची पोस्टरं रंगवून पोट भरायची. पिठाच्या दोन गोण्या उसवून जोडायची आणि त्यांवर असं भूत उतरवायची की पोरं शाळेची वाट बदलायची.

वाचता वाचता तिने स्वतःच एक गोष्ट लिहायला घेतली. तीन वर्षं खपून एक वही भरली. खाडीकाठच्या विहिरीतून रोज पहाटे बाईचं कण्हणं ऐकू येतं आणि सगळं गाव सावत्र आईवर संशय घेतं, अशी ती गोष्ट. मंडळात तिने अर्धीच वाचून दाखवली, तर आग्बेकोने खुर्चीवर पाय वर घेतले.

सेनानू मास्तर मंडळात सगळ्यांत जास्त वाचलेला. तो म्हणाला, "वही दे, दावी. व्याकरण बघून देतो."

पंधरा दिवसांनी त्याने सांगितलं, वही बसमध्ये राहिली. सेदिनामने तीन दिवस स्टँड पालथा घातला, एकेका ड्रायव्हरला विचारलं. मग पुन्हा लिहायला बसली, पण दोन पानांपुढे हात चालेना.

आठ महिन्यांनी सेनानू तिच्या अंगणात आला. राजधानी अक्रातल्या त्याच्या मावसभावाने कॅमेरा आणला होता, दोघांनी मिळून सिनेमा काढला होता. नाव 'विहिरीतला आवाज'. कथा, सेनानूची.

"पोस्टर तूच कर, दावी. भीती रंगवावी तर तुझ्याच हाताने."

"सेनानू, ही माझी विहीर आहे."

"अगं, विहिरी काय जगात थोड्या आहेत?" आणि तो मोकळेपणाने हसला.

सेदिनाम काडीने डब्यातला रंग ढवळत राहिली. ती म्हणाली, "करते. पण शेवटापर्यंत दाखव मला. न बघता काय रंगवू?"

त्याने दाखवला. तिच्या वहीतल्या एका ओळीलाही त्याने हात लावला नव्हता. खरा मारेकरी चर्चचा गायनमास्तर, बायको हरवली म्हणून सगळ्यांत मोठ्याने प्रार्थना करणारा. त्याचं लंगडणंसुद्धा तसंच होतं, आणि ते तिने आपल्या काकावरून घेतलेलं होतं.

आठ दिवस तिने दार लावून काम केलं. सेनानू डोकावायला आला की आतूनच म्हणायची, "ओलं आहे."

रविवारी तीनचा खेळ. आठवडाभर सेनानू भोंगा घेऊन गावभर विचारत फिरत होता, सावत्र आईनेच मारलं का? सकाळी चर्च सुटायच्या आत तिने स्वतः शिडी लावून लॉरी स्टँडच्या भिंतीवर पोस्टर ठोकलं. गायनमास्तर कमरेइतका विहिरीत, एका हातात भजनाचं पुस्तक, दुसऱ्या मुठीत बायकोचे केस. खाली वीतभर अक्षरं: 'मारेकरी हाच. सावत्र आई निर्दोष. गोष्ट सेदिनामची, चोरली सेनानूने.'

माणसांचा गराडा पडला. एक मासेवाली टोपली डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "अगंबाई, हा मेला! आणि मी आठवडाभर त्या सावत्र आईला शिव्या घालतेय!"

तरी निम्मा हॉल भरला, पण घाबरायला कुणी गेलं नव्हतं. पडद्यावर गायनमास्तर आला की आरडाओरडा, "लंगड्या, विहिरीत बघ!" त्याने प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा लोक हसून लोळले. विहीर कण्हली की मागच्या बाकांवरून पोरं कण्हायची. मावसभावाने कॅसेट पिशवीत घातली आणि सेनानूला न सांगता अक्राची बस धरली. पुढच्या गावांत खेळ लावायचे ठरले होते. पण लॉरीवाल्यांनी मारेकऱ्याचं नाव सिनेमाच्या आधीच तिथे पोचवलं.

सेनानू तिच्या दारात आला. "माझी अब्रू घालवलीस!"

"तुझी होती? की तीही कुणाच्या वहीतून उचललीस?"

"तुझी गोष्टही मेलीच की! आता तिला कोण घाबरणार आहे?"

तो गेल्यावर ती बराच वेळ रंगाचे डबे नुसतेच इकडचे तिकडे करत बसली.

शनिवारी ती पडवीत गेली. आग्बेको म्हणाला, "चोराला इथे जागा नाही, ते मी त्याला सांगितलंय. पण दावी, शेवट भर बाजारात टांगायचा? आपण एकमेकांनासुद्धा कधी सांगत नाही."

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा टांगेन, एफो," ती म्हणाली.

कुणीतरी मक्याच्या वाफवलेल्या आबोलोचं आणि तळलेल्या मासळीचं पुडकं सोडलं आणि नव्या पुस्तकाची गोष्ट निघाली.

सेनानू आता तिला बघून रस्ता ओलांडतो. तसं झालं की सेदिनाम मुद्दाम थांबते, हातातलं ओझं खाली ठेवते आणि तो गल्लीत दिसेनासा होईपर्यंत बघत राहते. ते सुख तिला आजवर कुठल्याही पुस्तकाने दिलेलं नाही.