चार भोकं आणि एक वायर

मी टीव्ही बोलतोय. माझ्यासमोर बसून लोकांनी लय फुशारक्या मारल्या, पण मगनभाऊंसारखी येडी पैज कोणी घेतली नाही.

"पाव्हण्याचं ऑपरेशन शेवटपर्यंत पाहशील? डोळे न मिटता?" शेजारी बसलेल्या तोतारामनं त्यांना डिवचलं.

मगनभाऊंनी मिशीला पीळ दिला. "माले काय भ्याव शे का?"

झालं. गडी अडकला.

माझी उमेदीची वर्षं डॉक्टरांच्या घरी क्रिकेट दाखवण्यात गेली. मग घरात मोठा टीव्ही आला आणि मला जळगावच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर टांगलं. चालू ऑपरेशन आतल्या टीव्हीत डॉक्टर बघणार, माझ्यात नातेवाईक. दोन्ही टीव्हींना मिळून एकच वायर, तीपण बाकाखालून. काटकसर म्हणे!

निंबा चोपड्याचा, केळीचे घड वाहणारा. मगनभाऊंच्या बहिणीचा, सुंदरबाईचा नवरा, म्हणजे पैजेतला पाव्हणा. त्याच्या जठरात कॅन्सरची गाठ निघाली, पण लवकर सापडली.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "दोन्ही रस्ते चालतील. पोट उघडलं तर मोठी चीर, दुखणं जास्त. पण हात आत जातो, अन् ते काम माझ्या सवयीचं. दुर्बिणीनं केलं तर चार भोकं, गाठ काढायला एक छोटी चीर. पण वेळ लागतो, अन् टीव्हीत दिसलं तरच जमतं. अडलं तर पोट उघडणार, आत्ताच सांगतो."

निंबानं एवढंच विचारलं, "घड कधी उचलू?"

"दुर्बिणीनं केलं तर लवकर."

ठरलं.

त्या सकाळी माझ्यासमोर जत्राच. सुंदरबाई पदर मुठीत धरून, बाकीचे शेंगा फोडत.

"ते पिवळं काय शे?"

"चरबी."

"या काटकुळ्याला? कुठं लपवली होती?"

एका आबांनी तर विचारलं, मधे बातम्या लागतील का!

मगनभाऊ पहिल्या बाकावर. आधी घाम आला, मग मिशी खाली आली. तेवढ्यात आत एक नस फुटली आणि माझा पडदा लालेलाल.

"डोळे उघडे ठेवा, भाऊ!" तोताराम खिदळला.

मगनभाऊंनी हळूच पाय लांब केला. मी खटकन काळा.

आतून डॉक्टर ओरडले, "चित्र गेलं! रक्त चालू आहे, थांबता येत नाही. पोट उघडतोय!"

बाहेर सगळे एकसुरात, "लाइट गेली!" डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. एकानंही मान वर केली नाही. लय हुशार माणसं!

निंबा वाचला. गाठ बठ्ठी, पार मुळासकट निघाली. आतलं काम तेच झालं, फक्त पोटावर लांबलचक शिवण आली आणि घडाला हात लावायची बंदी. मग त्याचे घड कोणी वाहिले? मगनभाऊंनी! फुकट, खांदा सोलून निघेस्तोवर. तपासणीला आल्यावर सुंदरबाई कौतुकानं सांगत होती, "भाऊ असावा तर असा!"

आता मी कोपऱ्यात धूळ खातोय. एकच विनंती, माझ्यासमोर पैजा खुशाल लावा, पण पाय पोटाशी घेऊन बसा.

त्या तपासणीच्या दिवशी निंबा शिवणीवरून हात फिरवत म्हणाला, "त्या लाइटनं घात केला माझा."

मगनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग खाली मान घातली.

"लाइट गेलीच नव्हती, पाव्हणा. वायर मीच पायानं वढली. तुझं रक्त माले पाहवलं नाही."