जिन्याखालची खोली

"पान एकशे बारा. हा मुलगा असं करणार नाही," टिंबताई म्हणाल्या.

संपादकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "शुद्धलेखन चुकलंय का?"

"नाही. पण शेवटी तो भर गर्दीत आईला मिठी मारतो आणि बरा होतो. बरं व्हायला तो आजारी कुठे होता?"

ती किशोर कादंबरी होती, नायक स्वमग्न मुलगा. टिंबताई बावीस वर्षं त्या प्रकाशनाची मुद्रितं तपासत होत्या. निसटलेला अनुस्वार त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून हे नाव. जिन्याखालच्या खोलीत त्या एकट्या बसत. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत.

"लेखिकेनं दोन वर्षं अभ्यास केलाय. ही मुलं कशी असतात, तुम्हाला काय माहीत?"

टिंबताईंनी टेबलाच्या कडेवरून तीनदा अंगठा फिरवला. एक्केचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी दिलेला निदानाचा कागद बहिणीखेरीज कुणी पाहिला नव्हता. "ऑफिसात बोलू नकोस बाई," असं तिनं बजावलं होतं.

"मी तशीच आहे," त्या म्हणाल्या.

संपादकबाई हसल्याच. "काहीतरीच काय! नोकरी करता, माझ्याशी वाद घालताय. जरा घुम्या आहात, एवढंच. थोडेथोडे आपण सगळेच तसे असतो."

मिठी तशीच राहिली. पुस्तक हातोहात खपलं, त्याला पारितोषिक मिळालं. नव्या आवृत्तीचे गठ्ठे ठेवायला जागा पुरेना, तेव्हा जिन्याखालची खोली रिकामी करून घेतली. टिंबताईंचं टेबल हॉलमध्ये आलं, फोन आणि प्रिंटर यांच्या मधोमध. दुपारपर्यंत अक्षरं डोळ्यांपुढे नाचू लागत. घरी गेल्यावर त्या तासभर भिंतीकडे तोंड करून बसत.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अर्ज लिहिला. शांत जागा मिळावी. सोबत डॉक्टरांचा कागद.

संपादकबाईंनी तो वरवर पाहून परत दिला. "ताई, पुस्तक वाचून हल्ली बऱ्याच जणांना असं वाटायला लागलंय. आणि तुम्हाला वेगळी जागा दिली, तर उद्या सगळेच मागतील."

टिंबताईंनी कागदाची घडी घातली. उलट बोलायला शब्द होते. पण त्यांना ते जुळवायला वेळ लागे, आणि तोवर बाईंनी फोन उचलला होता.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्या डबा घेऊन खाली गेल्या. खोलीत छतापर्यंत ती कादंबरी रचलेली होती. दाराजवळच्या गठ्ठ्यावर बसून त्यांनी डबा उघडला. शांत होतं. कितीतरी दिवसांनी घास चवीचा लागला.

शिपाई हातगाडी घेऊन आला. ओशाळून म्हणाला, "उठता का ताई? हे गठ्ठे शाळांना पाठवायचेत. टेम्पो खोळंबलाय."

"हो, हो," म्हणत त्या उठल्या. गठ्ठे हलेपर्यंत उघडा डबा हातात धरून भिंतीला लागून उभ्या राहिल्या.