मालकाच्या रकान्यात

हुसेनमियाँनी जळक्या ऑइलचा पाचवा डबा खड्ड्यात उपडा केला आणि बुटाच्या टाचेने वरून माती ढकलली.

"अजून एक ओता," उस्मान म्हणाला. "एवढ्याने काय होतंय?"

"लेका, माती तपासायची आहे, तळायची नाही."

सौदीतल्या अल सुलैच्या त्या यार्डात जुने ट्रक तोडले जायचे. राजापूरचे हुसेनमियाँ बावीस वर्षं तेच करत होते, आणि श्रीवर्धनचा उस्मान त्यातली पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली क्रेन चालवत होता. जमीन हुसेनमियाँच्या पैशाने घेतलेली, पण कागद कफिलाच्या, म्हणजे तिथल्या अरब जामीनदाराच्या नावावर. तेव्हा परदेशी माणसाला दुसरा रस्ताच नव्हता. म्हातारा कफील शब्दाचा पक्का होता. तो वारला आणि मुलगा वहाब आला. त्याच्याकडे शब्दबिब्द काही नव्हतं. सौदीकरणाचा जोर होता, एकेक धंदा इथल्या लोकांसाठी राखीव होत होता. वहाबने सरळ सांगितलं, महिन्याभरात यार्ड खाली कर, इथे लग्नाचा हॉल होणार आहे, गिऱ्हाईक ठरलंय. नव्या नियमात खऱ्या धन्याचं नाव लावायची सोय होती म्हणा. पण कागदावर ज्याचं नाव, त्यानेच तसं लिहून द्यायचं. वहाब कशाला देतोय!

मग सरकारने यादी काढली. दूषित असू शकतील अशा जमिनींची. कुणीही नेटवर उघडावी आणि नकाशावरचे लाल ठिपके बघावेत. हुसेनमियाँनी निनावी तक्रार ठोकून दिली. आठवड्यात यार्डावर ठिपका पडला आणि हॉलवाल्याने वहाबचे फोन घेणं बंद केलं.

"सध्या नुसतं 'संशयित' लिहिलंय," हुसेनमियाँनी उस्मानला परत एकदा समजावलं. "आज माती वाईट निघाली की 'दूषित' होईल. साफ करायचा खर्च मालकाच्या डोक्यावर. वहाब रडत येईल, जमीन माझी नाहीच म्हणून लिहून देईल. मग आपण एवढा खड्डा उपसायचा, परत तपासणी करायची. ठिपका गायब, जमीन आपली."

"आणि बाकीचं यार्ड?"

"बाकी कुठे ऑइलचा थेंब सापडला तर मिशी काढीन. ड्रम भरभरून विकलंय मी, सांडायला वेडा आहे?"

तपासणी कंपनीचा इंजिनियर दहाला आला. नाव कमलाकर, गाव नाशिक. मराठी ऐकून हुसेनमियाँची कळी खुलली. अर्धं काम इथेच झालं! केबिनमध्ये सुरमईचं सार आणि भात मांडलाच होता.

"मी मासे खात नाही," कमलाकर म्हणाला.

"का हो? गोदावरीत काय नुसतं पुण्यच पोहतं?"

कमलाकर हसला नाही. त्याने डब्यातला दहीभात खाल्ला, चमचा पुसला आणि हातमोजे चढवले.

"ते ट्रकचं निळं केबिन दिसतंय ना," हुसेनमियाँ आवाज उतरवून म्हणाले, "त्याच्या कडेला जरा बघा. मला तिथे शंका येते. तुम्ही आपलेच, जास्त काय सांगू?"

"बघतो."

हुसेनमियाँनी उस्मानला डोळा मारला.

"आता बाहेर थांबा," कमलाकर म्हणाला. "नमुने घेताना आत कुणी नको."

तीन आठवड्यांनी वहाबची गाडी यार्डात शिरली ती जवळजवळ केबिनला धडकूनच थांबली. त्याने आठ पानांचा अरबी अहवाल टेबलावर आपटला. हुसेनमियाँनी त्यावरचा 'दूषित' शिक्का तेवढा ओळखला.

"ही घाण तू केलीस!"

"मी नोकर माणूस, शेख. मालक तुम्ही."

"कसला मालक? बाबांनी फक्त नाव दिलं होतं. सगळं तुझं आहे!"

"असं कसं? मागच्या महिन्यात तर म्हणालात, इथला खिळासुद्धा तुमचा."

"खिळासुद्धा तुझा! लिहून देतो. खलास!"

हुसेनमियाँनी कपाळ चोळलं, पंख्याकडे पाहिलं. "नको शेख. बायको रागावेल माझी."

दोन दिवस त्यांनी वहाबला झुलवलं. तिसऱ्या दिवशी, मोठे उपकार केल्यासारखा चेहरा करून, ते सरकारी कचेरीत गेले. वहाबने एवढ्या झपाट्याने सह्या केल्या की कारकुनाने दोनदा विचारलं, नीट वाचलंय ना? बाहेर आल्यावर वहाब त्यांच्या बुटाजवळ थुंकला.

"आता खा माती," तो म्हणाला.

हुसेनमियाँ गाडीत बसेपर्यंत गंभीर राहिले. मग एवढे हसले की उस्मानला स्टिअरिंग घ्यावं लागलं.

"मियाँ, पंधरा वर्षं राबलोय," उस्मान म्हणाला. "अर्धं यार्ड माझ्या नावावर करा बघू."

"करतो की! तू पण शेख हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी कमलाकर आला. हातात पाकीट होतं.

"या, या! पेढे नाहीत, खजूर घ्या," हुसेनमियाँ म्हणाले. "तुमचे उपकार विसरणार नाही. आता तेवढा खड्डा उपसतो आणि परत तपासणीला बोलावतो."

"कुठला खड्डा?"

"निळ्या केबिनजवळचा हो. जिथली माती नेलीत."

"तिथली नाही नेली." कमलाकरने खजुराची बशी बाजूला सारली. "समोरचा माणूस बोट दाखवतो तिथे मी खणत नाही. आणि त्या खड्ड्याचा वास फाटकापर्यंत येत होता. मला एवढा मूर्ख समजलात?"

"मग अहवाल कसा वाईट आला?"

"मागच्या भिंतीला लागून पाच जागी खणलं. ऑइल सांभाळलंत तुम्ही, खरं आहे. पण ट्रकच्या बॅटऱ्या तिथेच फोडत होतात ना? शिसं उतरलंय. तीन मीटरपर्यंत गेलो, तरी संपलं नव्हतं."

हुसेनमियाँनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग कमलाकरकडे.

"अहो, आपल्या भाषेतला माणूस तुम्ही. आधी एका शब्दाने सांगायचं!"

"अहवाल मालकाला द्यायचा असतो. तेव्हा तुम्ही नव्हतात." त्याने पाकिटातून कागद काढून टेबलावर सरळ केला. "आता आहात. ही नोटीस. नव्वद दिवसांत साफसफाई सुरू करायची. तोवर यार्ड बंद. सही करा इथे, मालकाच्या रकान्यात."

हुसेनमियाँनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"ही जमीन," हुसेनमियाँनी विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येते?"

"येते की. यादी बघून कुणी घेत असेल तर."

हुसेनमियाँनी मान वळवली. उस्मान दाराशी उभा होता. त्याने खिशातून टोपी काढली, डोक्यावर नीट बसवली.

"असरच्या नमाजाची वेळ झाली, मियाँ," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

अजानला अजून तासभर होता.