गुडघाभर खरं

मी बर्फ मोजायची काठी बोलतेय. जरा लांबूनच ऐका. माझ्याजवळ येणारा प्रत्येक माणूस मनात शंका घेऊनच येतो, आणि आता मलाही तीच खोड लागली आहे.

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरातलं ओबरलान हे माझं गाव. आल्फोन्सने मला घडवलं, अंगावर लाल-पांढरे पट्टे रंगवले आणि आपल्या पाहुणघरामागे, उघड्या उतारावर रोवलं. "इथं वारा बर्फ साचवतही नाही, उडवूनही नेत नाही," तो बायकोला, नोटबुर्गाला म्हणाला. "ही दाखवेल ते खरं." काय अभिमान वाटला होता मला तेव्हा!

दरीपलीकडे सोनेक. तिथंही स्कीचे उतार, तिथंही माझ्यासारखी एक काठी. पण ती बया उभी आहे चर्चमागच्या खड्ड्यात, जिथं अख्ख्या डोंगराचा बर्फ वाऱ्याने येऊन पडतो. सोनेकवाले ऐटीत सांगतात, "आमच्याकडे कमरेइतका!" पाहुण्यांना डोंगरावर चढवणारे आमचे लिफ्टवालेही फुगवून सांगण्यात काही कमी नाहीत म्हणा. पाहुणे तरी कुठे दूधखुळे? कोणी काहीही सांगो, ते त्यातला निम्मा वजा करतात आणि मगच ठरवतात, यंदा इकडे की तिकडे.

आल्फोन्स गेला. नोटबुर्गा मात्र खिडकीतून मला बघायची आणि दिसेल तेच सांगायची.

यंदा तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. हॉलंडचा वाउटर दर हिवाळ्यात तिच्याकडेच उतरायचा. पंचवीस हिवाळे येणाऱ्या पाहुण्याला आमच्या गावात बँड वाजवून कोटावर मानाची पिन लावतात. वाउटरचा हा पंचविसावा. तो आल्फोन्सचा अगदी पहिला पाहुणा, म्हणून पिन तिलाच लावायची होती. ती आणून तिने फडताळात जपून ठेवली होती.

वाउटरचा फोन आला. खिडकी उघडून तिने मला नीट न्याहाळलं. फोन मोठ्या आवाजावर होता.

"गुडघाभर आहे, वाउटरसाहेब."

"गुडघाभर? सोनेकवाले तर कमरेइतका म्हणतात."

"त्यांची काठी खड्ड्यात आहे हो."

"ते तुमच्याबद्दल हेच म्हणतात, बाई." तो हसला. "म्हणजे तुमच्याकडे घोट्यापर्यंत धरायचा. यंदा तिकडंच जातो. नातवंडं हिरमुसायला नकोत."

फोन ठेवून ती पुन्हा माझ्याकडे वळली. "इतके हिवाळे माझ्या हातचं जेवला, आणि माझा शब्द घोट्यापर्यंत?"

"मी कधीपासून सांगतोय, आई," तिचा जावई एगोन म्हणाला. "सगळे निम्मं धरतात, तर आपणच दुप्पट सांगायला हवं."

तिने खिडकीतून माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "उपट तिला."

एगोनने मला गोठ्याच्या वळचणीखाली नेऊन रोवलं. तिथं छपरावरचा सगळा बर्फ घसरून पडतो. बघता बघता मी कमरेपर्यंत बुडाले. लाज वाटली, पण काठीला विचारतो कोण?

त्याच आठवड्यात वाउटर स्वतःच दारात उभा. स्की दगडांनी पार खरवडलेल्या.

"बाई, माझं चुकलं," तो म्हणाला. "सोनेकला नुसते दगड आहेत. तुमचंच खरं होतं. उरलेले दिवस इथंच राहू म्हणतो."

नोटबुर्गाचा चेहरा उजळला. ती पिन आणायला आत धावली. तेवढ्यात तो, नेहमीच्या सवयीने, मला बघायला मागे आला.

उतारावर मी नव्हते. त्याने इकडेतिकडे पाहिलं. ढिगात रुतलेली मी त्याला दिसले. मग त्याची नजर हळूहळू वर, छपराच्या कडेपर्यंत गेली.

नोटबुर्गा पिन मुठीत घेऊन आली आणि जागीच थांबली.

"ही मागाहून हलवली हो," ती म्हणाली. "तुम्ही फोन केलात तेव्हा ही तिकडंच होती."

"असेल, असेल," वाउटर म्हणाला. टोपीला हात लावून तो निघून गेला.

नोटबुर्गाबाई, मला उपटा आणि आल्फोन्सने रोवलं होतं तिथंच परत रोवा. पिन उशिरा लागली तरी चालेल, कधीच नाही लागली तरी चालेल.

आणि तुम्ही, ऐकणारे, तुम्हाला शपथेवर सांगते, त्या दिवशी बर्फ खरंच गुडघाभर होता. पण तुम्हीही निम्मा वजा केलाच असेल.