गव्हर्नरसाहेबांची चहाबंदी

सत्ता एकाच्या हाती आणि सैन्य दुसऱ्याच्या हाती असेल तर राज्य टिकत नाही, हा इतिहासाचा अटळ नियम आहे. सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या मराठी मंडळात तो चहाच्या बॉयलरवरून तपासून पाहिला गेला.

यंदा जानेवारीत मंडळाने सिडनीच्या जुन्या वसाहतीवर नाटक केलं. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मुठीत रमचा धंदा होता. गव्हर्नरने त्याला आवर घातला, तर १८०८ साली त्यांनी त्यालाच अटक केली. गव्हर्नर पलंगाखाली सापडला अशी वदंता आहे. सहा वर्षं अध्यक्ष असलेल्या चंद्रहासने गव्हर्नरची भूमिका घेतली आणि पलंगाचा प्रसंग तेवढा गाळला. अध्यक्ष पलंगाखाली जात नाहीत. पलंग मात्र रंगमंचावर राहिला. त्याला अटक करणारा मेजर झाला यतिन, म्हणजे स्वयंसेवकांचा प्रमुख, आणि त्याचे स्वयंसेवक झाले शिपाई.

घोटाळा असा, की डिसेंबरातच चंद्रहासने तालमीतला चहा बंद केला होता. यतिनच्या बॉयलरने हॉलच्या नव्या कार्पेटवर नकाशा काढला होता. पण बारा स्वयंसेवक यतिनच्या शब्दाबाहेर नसत, आणि ते त्या चहामुळेच.

तेव्हापासून चंद्रहास आत शिरला की बोलणं थांबे. स्वयंसेवकांचा एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात तो नव्हता. नाटकानंतर लगेच, त्याच हॉलमध्ये, मंडळाची निवडणूक होती. तिथे आपल्याला पाडणार, अशी चंद्रहासची खात्री झाली. त्याने बायकोला, चित्रलेखाला, सगळं सांगितलं. ती घेवडा मोडत होती.

"अटक नाटकात आहे," ती म्हणाली. "घरी नाही."

"बारा जण आहेत गं. आणि बूट खरे आणलेत."

प्रयोगाच्या दिवशी ते बूट विंगेत वाजले. बारा जण आत आले. कुणीच हसत नव्हतं. तालमीत अटकेचा हुकूम म्हणून पिवळट, कडा जाळलेला कागद असे. आज यतिनने खिशातून काढला तो पांढराशुभ्र ए-फोर, खाली ओळीने सह्या. पहिली यतिनची.

चंद्रहासला पुढचं काही आठवत नाही. प्रेक्षकांना आठवतं. गव्हर्नर पलंगाखाली गेला आणि हॉलने टाळ्या वाजवल्या.

पलंगाची चादर उचलून यतिन वाकला.

"चंद्रहास, हे नाटकात नाहीये."

"माहितीये मला," आतून आवाज आला. "राजीनामा देतो. पण इथे नको, चारचौघांत."

"राजीनामा कशाला? जळका कागद घरी राहिला, म्हणून अर्जच आणला. तसाही आज द्यायचाच होता. वाच तरी."

चंद्रहासने पलंगाखालीच चष्मा लावला. अर्जात एकच ओळ होती: खाली प्लास्टिक अंथरू, पण तालमीला चहा पुन्हा सुरू करावा. सगळ्यात वर 'माननीय अध्यक्ष' लिहिलं होतं.

चार वाजता निवडणूक झाली. अध्यक्षपदासाठी एकच अर्ज आला होता, चंद्रहासचा.