सात हात दोरी

"पळा चिंतूबाळ, पळा! वाघ आला बगा मागनं!"

लुगड्याचा काचा घट्ट मारून झुंबरबाई बंगल्याच्या आवारात चार वर्षांच्या पोरामागं धावत होती. चिंतू दहा पावलं धावला, थांबला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "कडेवर घे."

"कडंवर? मंग द्येवानं पाय काय मिरवायला दिलं व्हय? चला, त्या जांभळीला हात लावून यायचं. मी हरले तर मी घोडा."

पोरगं खुदकन हसलं आणि सुटलं. झुंबर मुद्दाम हरली. मग गुडघे टेकून घोडा झाली आणि त्याला पाठीवर घेण्याआधी म्हणाली, "घोड्याला पकडायचं आदी!" असं रोज चालायचं. सकाळपासून दुपारपर्यंत पोराला पळवायचं, हीच तिची नोकरी.

हसू येईल तुम्हाला, पण नोकरी खरी होती. चिंतू पुण्याच्या एका वकिलांचा एकुलता एक मुलगा. जन्मापासून छातीनं नाजूक, म्हणून आजी, आत्या, मावशी, सगळ्यांनी मिळून त्याचा पाय जमिनीला लागू दिला नव्हता. शेवटी डॉक्टर कडाडले, "औषध पुरे! याला आधी खाली ठेवा. मोकळ्या हवेत न्या आणि दमेपर्यंत पळवा." म्हणून त्याची आई अरुंधतीबाई कार्तिकात त्याला घेऊन लोणावळ्यात भाड्याच्या बंगल्यात येऊन राहिल्या. जवळच्या वलवण गावची झुंबर तिथं भांडी घासायला लागली होती. दोन दिवसांत तिनं पोराला हसवलं, चौथ्या दिवशी पळवलं. अरुंधतीबाईंनी तिच्या हातातली राख धुवायला लावली आणि म्हणाल्या, "भांड्यांना दुसरी कुणी बघू. तू याच्यामागे राहा."

आणि त्याच वेळी, तिथून कोसभर अंतरावर, झुंबरची स्वतःची चार वर्षांची ठकू घरातल्या मेढीच्या खांबाला दोरीनं बांधलेली होती.

नाक मुरडू नका. शेतात राबणाऱ्या बाईला दोनच हात. त्यांच्या वाडीत रांगत्या पोराला कमरेला दोरी बांधून खांबाला अडकवत आणि मग बाया भाताच्या खाचरात उतरत. पोर नीट चालायला लागलं की दोरी सुटायची. झुंबरनं मात्र ती सोडली नाही. सोडवेचना तिला.

ठकूच्या आधी सोपान होता. भारी चपळ पोर, एका जागी ठरेल तर शपथ. तीन वर्षांचा झाला म्हणून झुंबरनं हौसेनं त्याला मोकळा ठेवला, खाचराच्या बांधावर बसवला. रोपांची एक जुडी लावून होईपर्यंत तिनं पाठ फिरवली असेल. पोरगं खेकड्याच्या मागं ओढ्यात उतरलं. पाणी कितीसं? बाईच्या गुडघ्याएवढं. तेवढं पुरलं. तेव्हापासून झुंबर ओढ्याच्या वाटेला गेली नाही. पाणी भरायला लांबच्या विहिरीवर जायची, पण त्या वाटेनं नाही.

ठकूची दोरी तिनं जुनं लुगडं फाडून, वेणीसारखी घालून केली होती, पोरीच्या कमरेला काचू नये म्हणून. मापून सात हात. चुलीपर्यंत पोचू नये, उंबऱ्यापर्यंत पोचू नये, पण आजीच्या हाताला मात्र लागावी. आजी म्हणजे झुंबरची सासू, शालूबाई. तिचे डोळे मोतीबिंदूनं गेलेले. ती दोरीवर हात ठेवून बसायची. दोरी हलली की म्हणायची, "हाय गं माजी बाय." झुंबरचा नवरा कोंडाजी घाटात रेल्वेच्या लाइनीवर कामाला होता, तो उजाडायच्या आत जायचा. तीन वर्षं असं सुखरूप चाललं होतं, आणि झुंबरला वाटत होतं, पोर राखावं तर असं.

एके दिवशी अरुंधतीबाई म्हणाल्या, "झुंबर, चिंतू एकटा पळून कंटाळतो गं. मुलं मुलांकडे बघून जास्त पळतात. तुझी मुलगी याच्याच वयाची ना? उद्या घेऊन ये तिला."

झुंबरला आभाळ ठेंगणं झालं. सकाळी ठकूचे केस तेल लावून चापूनचोपून विंचरले, परकर नेसवला आणि पोरीला कडेवर घेऊन ती कोसभर चालत आली. चार वर्षांची घोडी कडेवर! वाटेत एका बाईनं हटकलंसुद्धा, "काय गं, पोरीचं पाय दुकत्यात का?" झुंबर हसून पुढं गेली.

त्या दिवशी चिंतूला तपासायला डॉक्टर आले होते. ते आणि अरुंधतीबाई ओट्यावर बसले होते. झुंबरनं ठकूला गवतावर सोडलं. चिंतू ओरडला, "ए मुली, पकड मला!" आणि वाऱ्यासारखा जांभळीकडं सुटला.

ठकू निघाली. चार पावलं, पाच पावलं, सहा. आणि उभी राहिली. मागं कुणी ओढल्यासारखी वळली आणि झुंबरकडं परत आली.

"जा की गं," झुंबर म्हणाली. "भिऊ नगं. जा."

ठकू पुन्हा गेली. तेवढीच. पुन्हा परतली. मग झुंबरभोवती गोल फिरायला लागली, एक हात कमरेवर धरून, जिथं दोरीची गाठ असायची तिथं. झुंबर मुद्दाम चार पावलं बाजूला सरकली. पोरीनं तिच्याभोवती नवा गोल धरला. मधे मोकळं रान पडलेलं, पण सात हातांच्या पलीकडं तिचं पाऊल पडेना.

डॉक्टर उठून आले. ठकूचे गुडघे वाकवून पाहिले, पोटऱ्या चाचपल्या. "पाय अगदी ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "कसलाही दोष नाही. मग ही पळत का नाही?"

"आजारी होती का गं?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

झुंबरनं पोरीला जवळ ओढलं. "व्हय बाईसाएब," ती म्हणाली. "ताप आलता. लय दिस हुता."

तिकडून चिंतू हाक मारत होता, "झुंबर, मी हात लावला! तू हरलीस!"

पोरीला कडेवर घेऊन घरी येताना झुंबरला रस्ता दिसत नव्हता. रोग असता तर बरं, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वतःलाच शिव्या घालायला लागली. लोकाच्या पोराला पाय दिले मी मेलीनं, आणि माझ्या पोरीचे माझ्या हातानं बांधले. घरी आल्या आल्या तिनं दोरी मेढीवरून काढली आणि माळ्यावर भिरकावली.

ठकू मेढीपाशी बसली. थोड्या वेळानं रडायला लागली. "माजी दोरी दे. आये, माजी दोरी दे."

झुंबर अंगणात जाऊन बसली, तिला हाका मारल्या, गूळ दाखवला, चिंतूला लावायची ती सगळी लालूच लावली. वाघ झाली, घोडा झाली. पोरगी उंबऱ्याच्या आत उभी राहून रडत राहिली. तीन दिवस हेच चाललं.

चौथ्या दिवशी आंधळी शालूबाई म्हणाली, "तिला काय ठावं गं दोरीचं? तिला एवडंच ठावं, दोरी हाय म्हंजी आई परत येनार. काडू नगंस ती. वाडव."

"कशानं वाडवू, आत्याबाई? जुनेर न्हाई राहिलं घरात एक."

घरात जुने कपडे होते. एका गाठोड्यात होते. कुठल्या, ते घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांना माहीत होतं.

संध्याकाळी झुंबरनं ते गाठोडं सोडलं. सोपानची कुंची, दोन टोपडी, लाल अंगडं. पहिली दोन वर्षं त्यांना पोराचा वास येत होता, आता नुसता गाठोड्याचा येत होता. तरी ती नाकाला लावून बसली. मग कुंची हातात घेतली, पण ओढायला जोर येईना. कोंडाजी नुकताच कामावरून आला होता. तो समोर उकिडवा बसला आणि कुंचीचं दुसरं टोक त्यानं धरलं. "वड," तो म्हणाला. दोघांनी मिळून फाडली.

त्या रात्री दोरी दोन हात वाढली. दुसऱ्या दिवशी ठकूच्या कमरेला गाठ मारून, दुसरं टोक हातात धरून झुंबर अंगणात बसली. पोरगी उंबरा ओलांडून आली. मग टोपडी फाडून जोडली, त्यांनी तिला खळ्यापर्यंत नेलं. तिकडं पौषात अरुंधतीबाईंचं बिऱ्हाड पुण्याला हललं. चिंतू धावत जाऊन टांग्यात चढला, झुंबरला हात हलवायचाही राहिला. तिला वाईट वाटलं, पण राग नाही आला. तिनंच शिकवलं होतं त्याला पळायला.

शेवटी लाल अंगडं उरलं. त्याची एकच पट्टी निघाली. ती जोडली तेव्हा दोरी घरापासून ओढ्याच्या वाटेपर्यंत पुरली.

त्या सकाळी वाडीतली पोरं त्याच वाटेनं दंगा करत निघाली होती. ठकूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं आणि त्यांच्या मागं निघाली. दोरी सरसर सरकत ताठ झाली. लाल पट्टी अंगणाच्या कडेला बसलेल्या झुंबरच्या मुठीत होती. पोरीनं तिकडून हिसका दिला. पुन्हा दिला. ओढ्याचं पाणी झुंबरला बसल्या जागी ऐकू येत होतं. तिनं सोपानला हाक मारली की ठकूला, तिचं तिला कळलं नाही.

मग तिनं मूठ उघडली.

ठकू पडता पडता सावरली. पुढं एक पाऊल, दोन, दहा. मग ती पळाली. वेडीवाकडी, ढोपरं आत वळवून, ओरडत, पण पळाली. मागनं धुळीतून दोरी सरपटत गेली, आणि तिच्या टोकाला ते लाल.

झुंबर उठली नाही. दोन्ही हातांनी तिनं बसल्या जागचं गवत धरून ठेवलं होतं.

दारात शालूबाई जमीन चाचपत होती. तिच्या हाताला दोरी लागली नाही. घाबरून ती ओरडली, "झुंबर! पोरगी कुटं हाय गं?"

"पळतीया, आत्याबाई," झुंबर म्हणाली, आणि सोपान गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.